एका खोकल्याच्या चार चिठ्ठ्या

नारळी पौर्णिमा होऊन चार-पाच दिवस झाले होते. एकाच घरातल्या चार चिठ्ठ्या एका आठवड्यात माझ्या मेडिकलच्या काउंटरवर आल्या. आजी, तिचा मुलगा आणि दोन नातवंडं. चौघांचं दुखणं एकच: दोन दिवस कणकण, नाक गळणं, मग खोकला. एकाचं दुसऱ्याला लागलेलं. पण ज्याने त्याने आपल्या सोयीचा डॉक्टर गाठला होता. मुलगा बंदरावरून परतताना वाटेत थांबला, नातवाला शाळेजवळ दाखवलं, नातीला तिच्या आईने माहेरच्या डॉक्टरांकडे नेलं, आणि आजी तिच्या नेहमीच्या दवाखान्यात गेली.

मुलाच्या चिठ्ठीवर अझिथ्रोमायसिन पाचशेच्या तीन गोळ्या. शिवाय एक इंजेक्शन दवाखान्यातच टोचलेलं. नातवाला सेफिक्झिमचं सिरप आणि वर खोकल्याची बाटली. नातीला पाच औषधं, त्यांत तीन दिवसांचं स्टेरॉइड. आजीच्या चिठ्ठीवर फक्त पॅरासिटामॉल, तेही ताप आला तरच, आणि खाली स्वच्छ मराठीत: मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करा, पाच दिवसांनी या, दम लागला तर लगेच या.

आजी हिरमुसली होती. "सगळ्यांना पिशवी भरून दिलंनी, आणि मलाच काय नाय," असं मला दोनदा सांगून गेली.

आजीचे डॉक्टर म्हणजे माझे काका, वडिलांचे चुलतभाऊ. मिरजेच्या सरकारी कॉलेजातून एमबीबीएस होऊन त्यांनी रत्नागिरीत मांडवीला दवाखाना काढला, त्याला चाळीस वर्षं झाली. सत्तरी उलटली तरी दोन्ही वेळा बसतात. रविवारी संध्याकाळी त्यांचा दवाखाना बंद आणि माझंही दुकान अर्धा दिवस, म्हणून आम्ही दोघं मांडवीच्या जेट्टीवर जातो. त्या रविवारी मी चारही चिठ्ठ्यांवरची औषधं एका कागदावर उतरवून नेली होती. डॉक्टरांची आणि माणसांची नावं गाळली होती.

पावसाने उघडीप दिली होती. ओहोटीने काळी वाळू लांबवर उघडी पडली होती आणि भाट्याच्या खाडीच्या तोंडाशी दोन होड्या आत येत होत्या. काकांनी कठड्याला टेकून कागद वाचला आणि परत माझ्या हातात दिला.

"मग? यात बिघडलं काय? चार माणसं, चार चिठ्ठ्या. तुला काय शिक्का मारल्यासारखी एकच हवी होती?"

"आजार एकच आहे, काका."

"आजार पुस्तकात एकच असतो गो. दवाखान्यात माणूस येतो. हा पहिला, अझिथ्रोवाला. काय करतो?"

"खलाशी आहे. ट्रॉलरवर जातो."

"बघ. एकतीस जुलैला मासेमारीची बंदी संपली. आता समुद्राला नारळ सोडून झाला, बोट निघणार. एकदा गेली की आठ-आठ, दहा-दहा दिवस माणूस परत नाही. मधेच छाती भरली तर त्याने कुठे जायचं? एका खलाशासाठी मालक बोट फिरवेल? डिझेल किती जळतं माहीत आहे तुला? त्या डॉक्टरने दोन मिनिटांत हे सगळं ओळखलं असेल आणि तीन गोळ्या लिहिल्या असतील. तुला त्यात गोंधळ दिसतो, मला त्यात त्या माणसाची ओळख दिसते."

हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं, ते मी कबूल केलं. काउंटरवर माझ्यापुढे नुसता कागद येतो. त्या माणसाची बोट कधी सुटणार हे कागदावर लिहिलेलं नसतं.

"पण काका, त्याने माझ्यासमोरच पाण्याचा ग्लास मागून पहिली गोळी गिळली. ताप उतरलेला, कफ नाही, दम नाही. बोट सुटायच्या आतच तिन्ही गोळ्या संपल्या. मग समुद्रात खरंच न्यूमोनिया झाला असता तर त्याच्या खिशात काय उरलं होतं? बोटीसाठी गोळ्या द्यायच्या होत्या तर 'पुन्हा ताप चढला, धाप लागली तरच घे' एवढी एक ओळ लिहायला हवी होती. ती नव्हती. म्हणजे डॉक्टरांनी बोटीचा विचार केला होता की नाही, हे तुम्हालाही माहीत नाही आणि मलाही नाही."

काका थोडं थांबून म्हणाले, "हे मात्र खरं."

"आणि पोरं कुठे समुद्रावर निघाली होती? सेफिक्झिम कशासाठी? विषाणूच्या सर्दीवर अँटिबायोटिक चालत नाही हे मला डीफार्मच्या वर्गात शिकवलं. तुम्हाला मिरजेत शिकवलं नसेल का?"

"शिकवलं. सगळ्यांनाच शिकवतात. पण अगं, माहीत असणं आणि लिहिणं यांच्यामध्ये एक बाई बसलेली असते. पोराला मांडीवर घेऊन. रात्रभर झोपलेली नसते. कामावरून अर्धा दिवस सुट्टी मागून आलेली असते, तिला उद्या परत येणं जमणार नसतं. तिला मी नुसत्या गुळण्या सांगितल्या तर ती बाहेर पडून पलीकडच्या दवाखान्यात शिरते. तिथे तिला सिरप मिळतं. पुढच्या वेळी ती माझ्याकडे येतच नाही. मग पोराला खरंच काही झालं तर ओळखायला मी समोर नसतो. एखादं सिरप लिहून मी तिला माझ्या नजरेखाली ठेवत असेन, तर ते तू कुठल्या खात्यात मांडशील?"

काकांचं हे म्हणणं मी हसण्यावारी नेत नाही. रांगेत शंभर माणसं असताना, एकेकाला दोन-तीन मिनिटं मिळत असताना 'औषधाची गरज नाही' हे पटवून सांगण्यापेक्षा औषध लिहिणं लवकर होतं. २०१९ सालच्या देशातल्या खाजगी बाजाराच्या अभ्यासात सर्वांत जास्त खपलेलं अँटिबायोटिक अझिथ्रोमायसिन पाचशेची गोळी होती आणि दुसऱ्या क्रमांकावर सेफिक्झिम दोनशे. जागतिक आरोग्य संघटनेने अँटिबायोटिकांचे जे गट पाडले आहेत त्यांत ही दोन्ही जपून वापरायच्या गटात येतात. साधं अमॉक्सिसिलिन आधी वापरायच्या गटात. माझ्या कपाटात अमॉक्सिसिलिनची पाकिटं मुदत संपेपर्यंत पडून राहतात.

"खोकल्याचं बाजूला ठेवूया," मी म्हटलं. "त्यात तुम्ही म्हणता तसं माणूस, घर, बोट सगळं येतं. पण टीबीत तर असं काही नाही ना? जंतू ठरलेला, औषधं ठरलेली, किती महिने तेही ठरलेलं. मुंबईत मुकुंद उपलेकर आणि शेपर्ड यांनी झोपडवस्तीतल्या शंभर खाजगी डॉक्टरांना विचारलं होतं, टीबीच्या रुग्णाला काय लिहाल? १९९१ साली ते छापून आलं. शंभर डॉक्टरांनी ऐंशी वेगवेगळ्या तऱ्हांनी औषधं लिहिली होती."

"वाचलंय मी. तेव्हा सरकारी टीबी कार्यक्रमही धड नव्हता."

"मग पुढचं ऐका. २०१० साली डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतच तोच प्रश्न पुन्हा विचारला. मधल्या काळात सरकारचा डॉट्स कार्यक्रम सुरू झाला होता. एकशेसहा डॉक्टर, त्रेसष्ट तऱ्हा. आणि एकशेसहांतल्या फक्त सहा जणांची चिठ्ठी बरोबर. आता सांगा, यात कोणत्या बाईने पोर मांडीवर घेऊन कोणाला अडवलं होतं? तिथे रुग्णच नव्हता, काका. नुसता कागद आणि पेन होतं."

या वेळी काका बराच वेळ बोलले नाहीत. रत्नदुर्गाच्या टोकावरच्या दीपगृहाचा दिवा लागला होता.

"मी तुला एक विचारतो," ते शेवटी म्हणाले. "कॉलेज सुटल्यावर डॉक्टरला शिकवतं कोण?"

"कोण?"

"मला चाळीस वर्षांत नवं औषध कळलं ते बहुतेक औषध कंपनीच्या एमआरच्या तोंडून. दर महिन्याला दुपारी दीडला बॅग घेऊन दारात उभा. चुणचुणीत पोरगा, आमच्याच कुठल्या तरी गावचा. चकचकीत पत्रक दाखवणार, दोन सॅम्पल ठेवणार, आईची तब्येत विचारणार. तो खोटं बोलत नसे, पण त्याच्या पत्रकात त्याच्याच कंपनीची गोळी असणार ना? दुसरं कोणी मांडवीपर्यंत आलंच नाही. आता नोंदणी टिकवायला पाच वर्षांत तीस क्रेडिट पॉइंट लागतात, तेव्हा व्याख्यानांना जातो. पण 'डॉक्टर, तुम्ही गेल्या महिन्यात अमुक आजाराला तमुक लिहिलंत, ते का?' हे मला आजपर्यंत कोणीही विचारलेलं नाही. बायकोने नाही, सरकारने नाही, पेशंटने नाही."

ज्याच्याकडे ज्या कंपनीचा माणूस नेमाने येतो त्याच्या चिठ्ठीवर त्या कंपनीचं नाव दिसतं, हे मी काउंटरवरून रोज बघते. सही न पाहता, नुसत्या ब्रँडांवरून चिठ्ठी कुठल्या दवाखान्यातली ते मला ओळखता येतं. आणि लिहिणारे सगळे एका शाळेतलेही नसतात: कोणी एमबीबीएस, कोणी आयुर्वेदाची पदवी घेतलेले, कोणी होमिओपॅथीवाले. २०१४ साली महाराष्ट्राने कायदा बदलून होमिओपॅथांना एक वर्षाच्या औषधशास्त्राच्या अभ्यासक्रमानंतर अॅलोपॅथीची औषधं लिहायची वाट मोकळी केली. त्यावरचं भांडण अजून मिटलेलं नाही, आणि मी त्यात शिरत नाही, कारण उदवाडियांच्या एकशेसहांकडे पाहिलं की रोग एका पदवीपुरता नाही हे दिसतं.

"तुम्ही सगळं एमआरवर टाकू नका," मी म्हटलं. "सिंधुदुर्गात बघा. २०१७ च्या अखेरीस देशात ब्लडप्रेशरचा कार्यक्रम सुरू झाला, त्यात महाराष्ट्रातले पहिले चार जिल्हे होते: सिंधुदुर्ग, सातारा, भंडारा, वर्धा. सरकारी दवाखान्यांसाठी एकच पायऱ्यापायऱ्यांचा तक्ता. आधी अॅम्लोडिपिन, त्याने आवरलं नाही तर टेल्मिसार्टन, असं. डॉक्टर बदलला तरी गोळी बदलत नाही. दोन-तीनच औषधं लागतात म्हणून ती मोठ्या प्रमाणात घेता येतात आणि म्हातारी तीन मैलांवरून आली तर गोळी हातात पडते. इथे माझ्याकडे प्रेशरच्या गोळ्यांचे किती प्रकार ठेवावे लागतात माहीत आहे? दोन फळ्या भरल्यात. एका डॉक्टरची गोळी दुसऱ्याच्या पेशंटला चालत नाही, आणि ब्रँड बदलून द्यायचा मला कायद्याने अधिकार नाही."

"तक्ता चांगला आहे. मीही वापरतो," काका म्हणाले. "पण मिरकरवाड्यातली माझी एक पेशंट आहे, मासळी विकते. सकाळी पाचपासून पाटीसमोर उभी. तिला मी अॅम्लोडिपिन दिलं आणि महिन्याभरात तिचे पाय असे सुजले की चप्पल चढेना. औषधाचाच तो गुण, तुलाही माहीत आहे. ती गोळ्या बंद करून बसली, आणि मला सांगितलंही नाही, शेजारणीने सांगितलं. तक्त्यात पुढची पायरी आहे, पण ती प्रेशर न उतरल्यास. प्रेशर उतरलं आणि पाय सुजले, तर तिच्यासाठी मलाच थांबून विचार करावा लागतो. आणि तुला एक सांगू? प्राथमिक आरोग्य केंद्रात मी दोन वर्षं काढली. तिथे आम्हा सगळ्यांच्या चिठ्ठ्या अगदी सारख्या असायच्या. अंग दुखो, डोकं दुखो, पोट दुखो. पांढरी गोळी, पिवळी गोळी. कारण कपाटात तेवढंच होतं. चिठ्ठ्या सारख्या झाल्या की औषधोपचार सुधारला असं धरून चालू नकोस."

हा मुद्दा मी त्यांच्याकडून घेतला आणि अजून सोडलेला नाही.

मग काकांनी त्यांचा हुकमी एक्का काढला. तो येणार हे मला ठाऊक होतं. आमच्या घरात तो लहानपणापासून ऐकलाय.

"बावस्करांचं काय करशील?" ते म्हणाले.

कोकणातल्या जुन्या माणसांना वेगळं सांगायला नको. लाल विंचू, जांभ्याच्या कपारीत, गवताच्या भाऱ्यात, भाताच्या खळ्यावर बसलेला. तो चावला की आधी घाम, लाळ, उलट्या, हातपाय गार. मग हृदयावर ताण येऊन फुप्फुसात पाणी, आणि धडधाकट माणूस काही तासांत जायचा. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले आणि त्यांनी ही मरणं डोळ्यांनी पाहिली.

"तेव्हा विंचवाच्या पेशंटला जो तो आपल्या मनाने काहीही द्यायचा," काका सांगत होते. "अॅलर्जीचं इंजेक्शन, स्टेरॉइड, सलाईनच्या बाटल्या, वरून मांत्रिक आणि झाडपाला. माझ्या पुस्तकात त्यावर चार ओळी होत्या. ऐंशी टक्के डॉक्टर एकसारखं करत असते तरी एकसारखंच चुकलं असतं. या माणसाने कोकणात बसून ब्लडप्रेशर उतरवणारी प्राझोसिनची गोळी विंचवाच्या पेशंटला दिली. मुंबईच्या कुठल्या प्रोफेसरने सांगितली नव्हती. तुझा तक्ता असता तर नियम मोडला म्हणून त्यांना नोटीस गेली असती. १९८६ साली लॅन्सेटने ते छापलं. प्राझोसिनच्या आधी गंभीर पेशंटांत चारांतला एक जायचा, नंतर शंभरांतला एखादा. मी स्वतः पहिल्यांदा ती गोळी दिली ती आंब्याच्या बागेतल्या एका गड्याला. रात्रभर त्याच्या नाडीवर बोट ठेवून बसलो होतो. पहाटे त्याने चहा मागितला."

शेवटचं वाक्य बोलताना काकांचा आवाज बदलतो. दर वेळी बदलतो.

"काका, बावस्कर माझ्या बाजूचे आहेत," मी म्हटलं.

ते वळून बघायला लागले.

"त्यांनी वेगळं औषध दिलं, बरोबर. पण देऊन गप्प बसले नाहीत. एकेका पेशंटचं लिहून ठेवलं. किती वाजता चावला, किती वाजता आला, नाडी किती, प्रेशर किती, गोळी दिल्यावर तासाभराने काय. जे पेशंट गेले त्यांचंही लिहिलं. मग ते जगापुढे ठेवलं, चुकत असेल तर दाखवा म्हणून. आणि पंचवीस वर्षांनी, २०११ साली, ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्यांनीच छापलं की नुसत्या प्राझोसिनपेक्षा प्राझोसिनबरोबर प्रतिविष दिलं तर पेशंट लवकर सुधारतो. स्वतःच्या औषधाला त्यांनी स्वतःच परीक्षेला बसवलं. त्या चार चिठ्ठ्यांतल्या कोणत्या चिठ्ठीमागे असं काही आहे, सांगा."

"सगळे बावस्कर नसतात."

"नसतात. पण सगळ्यांना आपल्या हाताला गुण आहे असं वाटतं."

हातगुण हा शब्द मला प्रिय आहे. आमच्या आजीला काकांच्या हातचं पाणी प्यायलं तरी बरं वाटायचं, आणि डॉक्टरवरच्या त्या विश्वासाची किंमत कोणत्याही गोळीपेक्षा कमी नाही. पण खोकल्याच्या बाबतीत हातगुणाचा हिशोब फसवा होतो, तो कसा हे मी काकांना सांगितलं. साधा सर्दीनंतरचा खोकला सरासरी जवळजवळ अठरा दिवस टिकतो; अमेरिकेतल्या एका अभ्यासात २०१३ साली हे मोजून दाखवलं. त्याच अभ्यासात लोकांना विचारलं, किती दिवसांत जावा असं वाटतं? उत्तर आलं सात ते नऊ दिवस. मधले आठ-दहा दिवस माणूस डॉक्टर बदलत फिरतो. चौथ्या दिवशीच्या डॉक्टरचं औषध लागू पडत नाही, नवव्या दिवशीच्याचंही नाही, आणि सोळाव्या दिवशी ज्याच्याकडे जातो त्याच्या औषधाने दोन दिवसांत आराम. पेशंट गावभर त्याचं नाव करतो, आणि तो डॉक्टरही मनाशी धरून बसतो की खोकल्याला आपलं हेच औषध. पुढची वीस वर्षं ते त्याच्या चिठ्ठीवर येत राहतं.

"आणि मी पहिल्याच दिवशी गुळण्या सांगितल्या तर अपयश माझ्या नावावर," काका म्हणाले.

"हो. तुमच्यावर तो अन्याय आहे. पण तुम्हाला स्वतःला तरी कळायला हवं ना, की आपलं कोणतं औषध खरंच लागू पडतं आणि कोणतं नुसतं सोळाव्या दिवशी तिथे हजर असतं?"

अंधार पडायला लागला होता. चणेवाल्याने दिवा लावला. आता मला जे दाखवायचं होतं ते पिशवीत होतं आणि ते काढायचा धीर होत नव्हता. काका माझ्यापेक्षा पंचवीस वर्षांनी मोठे. माझ्या मुलाच्या पहिल्या तापात रात्री दोन वाजता तेच चालत आले होते.

आधी मी माझी बाजू सांगितली. माझ्याकडे माणूस रिकामं पाकीट घेऊन येतो आणि म्हणतो, ह्यातल्या तीन द्या. मागच्या वेळी ह्यानेच बरं वाटलं होतं. मी चिठ्ठी मागते. तो म्हणतो, समोरच्या मेडिकलमध्ये मागत नाहीत. दहांतल्या कितींना मी परत पाठवते? सगळ्यांना नाही. हे मी काकांना सांगितलं आणि इथेही लिहिते. तसं दिलेलं प्रत्येक पाकीट चुकीचं होतं.

मग शेड्यूल एच-वनच्या वहीबद्दल सांगितलं. मार्च २०१४ पासून शेचाळीस औषधांसाठी आम्हाला वेगळी वही ठेवावी लागते: लिहून देणाऱ्या डॉक्टरचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध, किती दिलं. तीन वर्षं जपायची. सेफिक्झिम त्यात आहे, लिव्होफ्लॉक्सासिन आहे, टीबीची औषधं आहेत. २०१४ च्या त्या यादीत अझिथ्रो नव्हतं. म्हणजे रत्नागिरीतला कोणता डॉक्टर काय लिहितो याचा निम्माशिम्मा आरसा प्रत्येक मेडिकलच्या खणात पडून आहे. तपासनीस आले की ते वही लिहिलेली आहे की नाही ते बघतात. ज्याचं नाव त्या वहीत आहे त्या डॉक्टरला ती कधीच दिसत नाही.

"दाखवून काय होणार?" काकांनी विचारलं. खरंच जाणून घ्यायचं होतं त्यांना.

"इंग्लंडमध्ये २०१४ साली एक साधं पत्र पाठवलं होतं. सर्वांत जास्त अँटिबायोटिक लिहिणाऱ्या दवाखान्यांना, तिथल्या सर्वांत वरिष्ठ सरकारी डॉक्टरांच्या सहीने. तुमच्या भागातले ऐंशी टक्के दवाखाने तुमच्यापेक्षा कमी अँटिबायोटिक लिहितात, एवढंच आणि वर दोन-तीन सूचना. दंड नाही, चौकशी नाही. सहा महिन्यांत तीन टक्क्यांहून जास्त घट झाली."

"तीन टक्केच?"

"एका पत्राने, काका. त्यांना ते आधी ठाऊकच नव्हतं."

ते काही बोलले नाहीत. मग मी पिशवीतून दुसरा कागद काढला. ती मूळ चिठ्ठीची झेरॉक्स होती. पेशंटचं नाव मी कापून काढलं होतं. तारीख आजीच्या चिठ्ठीचीच, माझ्याकडे आली ती रात्री सव्वानऊला. अठ्ठावीस वर्षांचा माणूस, दोन दिवसांची सर्दी, ताप नाही. अझिथ्रोमायसिन पाचशे, तीन गोळ्या. अक्षर काकांचं.

त्यांनी मोबाइलचा उजेड पाडून ती वाचली. मग पुन्हा वाचली.

"कोण होता हा?"

"नाव नाही सांगणार. तुम्ही आठवून बघा."

"बोटीवर जाणारा असेल."

"नाही. दुकानात काम करतो."

"दम्याचा त्रास असेल."

"इनहेलर कधी नेलेला नाही."

काकांनी चिठ्ठी गुडघ्यावर पसरून ठेवली. चाळीस वर्षांत मांडवीतल्या कोणाच्या आजोबांना कुठल्या औषधाने पुरळ आलं होतं हे ज्यांना तोंडपाठ आहे, त्यांना त्याच आठवड्यातल्या या तीन गोळ्यांचं कारण आठवेना. मी त्यांना अमेरिकेतला आणखी एक अभ्यास सांगितला, २०१४ सालचा: बॉस्टनच्या आसपासच्या दवाखान्यांत साध्या सर्दी-खोकल्याच्या पेशंटांना दवाखान्याच्या पहिल्या तासापेक्षा चौथ्या तासात अँटिबायोटिक जास्त लिहिलं जात होतं. तेच डॉक्टर, तसेच पेशंट, फरक होता तो घड्याळाचा. हे मी त्यांच्या बचावासाठी सांगितलं होतं.

"सकाळी आजी आली होती, दहाच्या सुमारास," काका म्हणाले. "तिला मी गुळण्यांचं पाचेक मिनिटं समजावलं." थोडं थांबून, "आणि ह्याला बहुतेक बस म्हटलं, आणि लिहायलाच घेतलं."

भरतीचं पाणी काळ्या वाळूवर पुढे सरकत होतं. आम्ही उठलो. मला वाटलं घरी जायचं, पण काका दवाखान्याच्या गल्लीकडे वळले. कुलूप काढलं, दिवा लावला, टेबलाखालचा खोका ओढला. त्यांची जुनी सवय आहे, चिठ्ठीखाली कार्बन ठेवून लिहायची. वर्षाचे गठ्ठे रबर लावून ठेवलेले असतात, आणि प्रत्येक पानावर तारखेशेजारी 'स' किंवा 'सं' लिहिलेलं, सकाळ की संध्याकाळ. कशासाठी ही सवय लागली ते त्यांना आठवत नाही.

त्यांनी जुलैचा गठ्ठा काढला आणि मला समोरच्या पेशंटच्या स्टुलावर बसायला सांगितलं.

"'सं'वाले तू वाच," ते म्हणाले. "नाव वाचू नकोस. वय, तक्रार आणि औषध, एवढंच. कारण आठवलं तर मी सांगेन. नाही आठवलं तर तो कागद इकडे डाव्या हाताला ठेव."

मी पहिला कागद उचलला.